म्हाताऱ्या उंदरांवर वारंवार होणाऱ्या दाहाचा परिणाम कसा तपासावा : आराखड्यापासून नोंदींपर्यंतचा क्रम

निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर या भागांतून बेळगावात फार्मसी, शरीरक्रियाशास्त्र किंवा प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी येणारे अनेक विद्यार्थी ‘वार्धक्य, दाह आणि स्मरणशक्ती’ हा विषय निवडतात. (दाह म्हणजे संसर्ग किंवा इजेविरुद्ध शरीराची प्रतिकारक प्रतिक्रिया, इन्फ्लमेशन.) विषय महत्त्वाचा आहे, पण आराखड्यांत एकच चूक पुन्हा पुन्हा दिसते. उंदराला सलग सात दिवस एलपीएस या दाह घडवणाऱ्या पदार्थाचे इंजेक्शन द्यायचे, आठव्या दिवशी त्याला पाण्याच्या हौदात पोहायला सोडायचे आणि पाण्याखाली लपवलेल्या फलाटावर तो उशिरा पोहोचला की ‘दाहामुळे स्मृती क्षीण झाली’ असे लिहून मोकळे व्हायचे. प्रत्यक्षात त्या दिवशी तो उंदीर कदाचित नुसता आजारी असतो. आजारी प्राणी खात नाही, हिंडत नाही, नव्या वस्तूकडे वळत नाही, आणि यातील कशाचाही स्मरणशक्तीशी संबंध असेलच असे नाही. आजारपणाची मंदता आणि आजार ओसरल्यावरही मागे राहणारा बदल या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या तरच या प्रयोगाला अर्थ आहे. पुढचे सर्व टप्पे त्या एका हेतूने लावले आहेत.

टप्पा १ : आधी प्रश्न ठरवा, मग वेळापत्रक

एलपीएस, म्हणजे लिपोपॉलिसॅकराइड, हा ई. कोलायसारख्या जिवाणूंच्या बाह्य आवरणाचा घटक आहे. तो शरीरात गेला की जिवंत संसर्ग नसतानाही रोगप्रतिकारक यंत्रणा संसर्ग झाल्यासारखी चेतते. त्यामुळे दाह हवा तेव्हा आणि हव्या त्या प्रमाणात निर्माण करता येतो. मात्र ‘वारंवार’ म्हणजे नक्की किती अंतराने, याचे उत्तर आराखड्यात स्पष्ट असावे लागते, कारण अंतर बदलले की प्रयोगाचा अर्थच बदलतो.

रोज इंजेक्शन दिल्यास दुसऱ्या-तिसऱ्या डोसपासूनच शरीर सरावते. पहिल्या दिवशी वजन उतरते आणि उंदीर कोपऱ्यात अंग चोरून बसतो, तर चौथ्या दिवशी तोच उंदीर जवळपास नेहमीसारखा हिंडतो. याला सहनशीलता म्हणतात. रक्तातील दाहसूचक प्रथिनांची उसळीही डोसागणिक कमी होत जाते. म्हणून सात दिवसांची सात इंजेक्शने म्हणजे सातपट दाह, हा समज सोडून द्यावा. उलट, मेंदूतील मायक्रोग्लिया या रोगप्रतिकारक पेशी एका डोसनंतर पुढच्या चेतनेला जास्त तीव्र प्रतिसाद देऊ शकतात आणि सलग चार डोसनंतर तोच प्रतिसाद मंदावतो, असेही आढळलेले आहे. म्हणजे डोसची संख्या आणि त्यांच्यातील अंतर या तपशिलाच्या नव्हेत, तर मुख्य प्रश्नाच्या बाबी आहेत.

वयस्कर माणसाला वर्षभरात अधूनमधून येणाऱ्या संसर्गाशी साम्य हवे असेल तर दोन डोसमध्ये तीन ते चार आठवडे ठेवावेत आणि एकूण चार डोस द्यावेत, हे माझे मत आहे. चार आठवड्यांच्या अंतराने चार डोस, शेवटच्या डोसनंतरची विश्रांती आणि मग वर्तनचाचण्या मिळून सुमारे पाच महिने लागतात. एम. फार्म.चे संशोधन तिसऱ्या आणि चौथ्या सत्रात होते, त्यामुळे तिसरे सत्र सुरू झाल्यावर प्राण्यांची चौकशी करू लागल्यास वेळ पुरत नाही. मग नाइलाजाने डोसमधील अंतर कमी केले जाते आणि आपण पुन्हा त्या सात दिवसांच्या वेळापत्रकावर येतो.

पडताळणी : आराखड्याच्या पहिल्या पानावर एकच वाक्य लिहून पाहा : ‘शेवटच्या डोसनंतर इतक्या दिवसांनी, आजाराची लक्षणे संपल्याची खात्री झाल्यावर, मी अमुक मोजणार आहे.’ हे वाक्य लिहिता येत नसेल तर पुढचा टप्पा सुरू करू नये.

टप्पा २ : वय, जात आणि संख्या

प्रयोगशाळेतील उंदीर साधारण तीन ते सहा महिन्यांचा असताना प्रौढ, दहा ते चौदा महिन्यांचा असताना मध्यमवयीन आणि अठरा ते चोवीस महिन्यांचा असताना म्हातारा मानतात. पैदास थांबवलेले आठ-दहा महिन्यांचे उंदीर ‘वयस्कर’ म्हणून मिळतात आणि तेच प्रबंधात ‘वृद्ध’ होऊन बसतात. ही चूक नंतर कशानेही दुरुस्त होत नाही. शिवाय अशा माद्यांच्या मागे अनेक बाळंतपणे असतात, त्यामुळे त्यांची तुलना कधीही न व्यालेल्या तरुण माद्यांशी करणे योग्य नाही. बारा-तेरा महिन्यांचेच प्राणी मिळत असतील तर प्रयोग अवश्य करावा, पण शीर्षकात ‘मध्यमवयीन’ असे लिहावे. जन्मतारखेचा लेखी दाखला पुरवठादाराकडून घ्यावा. अंदाजे वय स्वीकारू नये.

जातीची निवड वर्तनचाचण्यांकडे पाहून करावी. आपल्याकडे स्विस अल्बिनो उंदीर सहज मिळतात, म्हणून तेच घेतले जातात. परंतु स्विस वंशाच्या अनेक शाखांमध्ये दृष्टिपटल नष्ट करणारा जनुकीय दोष असतो आणि असे प्राणी जन्मानंतर महिन्याभरातच जवळजवळ आंधळे होतात. भिंतीवरच्या खुणा पाहून फलाट शोधायच्या चाचणीत आंधळा उंदीर नापास झाला तर त्यातून स्मरणशक्तीबद्दल काहीच कळत नाही. सी५७ ब्लॅक ६ या काळ्या उंदरांची दृष्टी चांगली असते, पण त्यांची ऐकण्याची शक्ती वयाबरोबर घटते, म्हणून आवाजावर आधारलेली चाचणी त्यांच्यासाठी नको. म्हातारपणी त्यांना त्वचेचे चिघळणारे व्रणही होतात. पाठीवर किंवा मानेवर असा व्रण असलेला प्राणी आधीच दाहग्रस्त असतो, त्यामुळे त्याला प्रयोगात घेऊ नये.

गट किमान चार हवेत : तरुण व सलाइन, तरुण व एलपीएस, म्हातारे व सलाइन, म्हातारे व एलपीएस. सलाइन म्हणजे एलपीएस नसलेले नुसते मिठाचे पाणी, तुलनेसाठी. तरुण गट वगळून खर्च वाचवण्याचा मोह होतो. पण तरुण गटच नसेल तर वयामुळे दाहाचा परिणाम वाढतो का, हा मूळ प्रश्नच विचारता येत नाही. दुसरे असे की पाच महिन्यांच्या काळात काही म्हातारे उंदीर गाठींनी, दातांच्या वाढीने किंवा निव्वळ वयाने मरणारच. संख्येचे गणित करून जो आकडा येईल त्यावर म्हाताऱ्या गटांत जास्तीचे प्राणी आधीच मागून ठेवावेत आणि त्याचे कारण प्रस्तावात लिहावे.

सावधान : एका पिंजऱ्यातील सगळ्यांना एलपीएस आणि शेजारच्या पिंजऱ्यातील सगळ्यांना सलाइन, अशी वाटणी केल्यास पिंजऱ्याचा परिणाम आणि औषधाचा परिणाम एकमेकांत मिसळतात. वाटणी चिठ्ठ्या टाकून किंवा संगणकावरून करावी आणि शक्यतो प्रत्येक पिंजऱ्यात दोन्ही प्रकारचे प्राणी असावेत. म्हातारे नर नव्याने एकत्र ठेवले तर भांडतात आणि चावे घेतात. चाव्याची जखम हाही दाहच आहे. म्हणून लहानपणापासून एकत्र वाढलेलेच नर एकत्र ठेवावेत.

टप्पा ३ : परवानगी

संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी हाती आल्याशिवाय प्राणी मागवू नयेत. प्राणिगृहाची नोंदणी सीसीएसईएकडे (प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्र सरकारची समिती) असणे, प्राणी नोंदणीकृत पैदासकाकडून घेणे आणि ‘फॉर्म बी’ हा परवानगीचा अर्ज पूर्ण भरणे या अटींना सूट नाही. फॉर्ममध्ये तीन गोष्टी अपुऱ्या राहतात : डोसनंतर कोणत्या तासांना पाहणी होणार, कोणत्या लक्षणांवर प्राण्याला वेदनारहित मरण दिले जाणार आणि तो निर्णय सुट्टीच्या दिवशी कोण घेणार. या तिन्हींची उत्तरे आधीच लिहिलेली असतील तर समितीत प्रस्ताव सहसा अडत नाही.

टप्पा ४ : प्राणिगृहाची तयारी

प्राणी आल्यावर किमान दोन आठवडे त्यांना फक्त स्थिरावू द्यावे. त्या काळात पुढील गोष्टी पाहून घ्याव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे तूस. खानापूरचा भाग भाताचा, त्यामुळे गिरणीतून भाताचे तूस पोत्यांनी मिळते आणि पिंजऱ्यात तेच अंथरले जाते. कच्च्या तुसाबरोबर माइट (अतिसूक्ष्म किडे), बुरशी आणि रानउंदरांची घाण येते, हे बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून तूस ऑटोक्लेव्ह केले जाते, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केले जाते. परंतु धान्याच्या धुळीत एंडोटॉक्सिन असते, म्हणजे आपण इंजेक्शनमधून देणार तोच पदार्थ, आणि ऑटोक्लेव्हने तो नष्ट होत नाही. ऑटोक्लेव्ह जिवाणू मारतो, पण त्यांच्या आवरणाचे तुकडे शिल्लक राहतात. सलाइन गटाचे उंदीर अशी धूळ रोज हुंगत असतील तर तो गट खऱ्या अर्थाने नियंत्रण गट राहत नाही. धूळ चाळून काढलेले तूस किंवा मक्याच्या कणसाचा भरडा वापरावा, आणि महत्त्वाचे म्हणजे प्रयोगाच्या मध्यावर अंथरूण बदलू नये. जुलै-ऑगस्टमध्ये बेळगाव-खानापूरची हवा इतकी दमट असते की पोते उघडे राहिले तर आठवड्यात तुसाला बुरशीचा वास येतो. साठा झाकणाच्या पिंपात ठेवावा.

दुसरी गोष्ट दिव्यांचे टायमर. बारा तास उजेड व बारा तास अंधार हा क्रम यांत्रिक टायमरवर चालत असेल तर वीज गेली की टायमरही थांबतो. दोन तास वीज गेली तर दिवस दोन तासांनी सरकतो, आणि तो हाताने परत लावला नाही तर तसाच सरकलेला राहतो. पावसाळ्यात आठवड्यातून अनेकदा असे झाले तर उंदरांची रात्र कधी सुरू होते हे कोणालाच सांगता येणार नाही. टायमरला स्वतंत्र बॅटरी असावी किंवा रोज सकाळी तो घड्याळाशी ताडून पाहावा. खोलीचे तापमान २० ते २६ अंश सेल्सिअस आणि आर्द्रता ३० ते ७० टक्के यांदरम्यान ठेवावी, आणि दोन्हींचे दिवसाचे कमाल-किमान आकडे नोंदवावेत.

तिसरी गोष्ट हाताळणी. शेपटीला धरून उचललेला उंदीर चिंतेच्या चाचणीत वेगळा वागतो. प्लॅस्टिकच्या नळीत शिरवून किंवा ओंजळीत घेऊन उचलण्याची सवय त्याला दोन आठवडे लावावी, आणि जो विद्यार्थी पुढे चाचण्या घेणार आहे त्यानेच ती लावावी. पुरुषाच्या वासाने उंदरांवर ताण येतो, हे प्रयोगांत दिसलेले आहे. म्हणून अर्धे प्राणी एकाने आणि अर्धे दुसरीने तपासले, असे होऊ देऊ नये.

चौथी गोष्ट लहान वाटते, पण तिने घोटाळे होतात. प्राणिगृहातील मदतनीस कन्नडमध्ये लिहितात आणि विद्यार्थी मराठीत. पिंजऱ्याच्या कार्डावर सर्वांनी इंग्रजी आकडेच लिहावेत, तारीख दिवस-महिना-वर्ष या एकाच क्रमाने असावी आणि लक्षणांच्या तक्त्यात शब्दांऐवजी ० ते ३ असे गुण असावेत. ‘बरा आहे’ किंवा ‘सुस्त आहे’ अशी शेरेबाजी कोणत्याही भाषेत निरुपयोगीच असते.

टप्पा ५ : एलपीएसचे द्रावण

संपूर्ण प्रयोगाला पुरेल इतके एलपीएस एकाच लॉटचे, म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या मालातले, एकदाच घ्यावे. ई. कोलायच्या ओ१११:बी४ आणि ओ५५:बी५ अशा वेगवेगळ्या प्रकारांची ताकद सारखी नसते. एकाच प्रकारातही लॉटनुसार एका मिलिग्रॅममागे असलेले एंडोटॉक्सिन युनिट बदलतात. दुसरा डोस नव्या बाटलीतून दिला आणि उंदीर मेले, तर त्याचे कारण वय, सराव की बाटली, हे नंतर सांगता येत नाही.

काचेची भांडी नुसती ऑटोक्लेव्ह करून भागत नाही. ती २५० अंश सेल्सिअसच्या कोरड्या उष्णतेत किमान ३० मिनिटे ठेवावीत. द्रावणासाठी इंजेक्शनच्या प्रतीचे, पायरोजेनमुक्त (ताप आणणारे पदार्थ नसलेले) सलाइनच वापरावे. नियंत्रण गटालाही त्याच बाटलीतले सलाइन द्यावे.

मूळ द्रावण एका मिलिलिटरला एक मिलिग्रॅम या प्रमाणात करावे, लहान कुप्यांत वाटून उणे २० अंशांवर ठेवावे आणि एक कुपी एकदाच वितळवावी. समजा, म्हाताऱ्या उंदराला किलोमागे ०.२५ मिलिग्रॅम डोस द्यायचा आहे आणि इंजेक्शनचे आकारमान किलोमागे १० मिलिलिटर ठरवले आहे. मग वापरायच्या द्रावणात एका मिलिलिटरमध्ये ०.०२५ मिलिग्रॅम एलपीएस हवे. त्यासाठी मूळ द्रावणाचे ०.२५ मिलिलिटर आणि सलाइनचे ९.७५ मिलिलिटर एकत्र करावेत. ३२ ग्रॅमच्या उंदराला यातले ०.३२ मिलिलिटर, म्हणजे ८ मायक्रोग्रॅम एलपीएस जाईल. हा हिशेब वहीत लिहून दुसऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा, कारण मायक्रोग्रॅम आणि मिलिग्रॅममध्ये शून्यांची गल्लत झाली तर त्याची किंमत प्राणी जिवाने मोजतो.

एलपीएसचे रेणू एकमेकांना आणि प्लॅस्टिकला चिकटतात. कुपी वितळल्यावर ती व्होर्टेक्स या घुसळणाऱ्या यंत्रावर नीट हलवावी, आणि प्रत्येक सिरिंज भरण्यापूर्वी बाटली पुन्हा हलवावी. असे केले नाही तर एका उंदराला कमी आणि दुसऱ्याला जास्त असा डोस जातो, आणि गटातील प्राण्यांमध्ये दिसणारा फरक मग कोणाला समजत नाही.

सावधान : माणूस एलपीएसला उंदरापेक्षा कितीतरी पटींनी जास्त संवेदनशील आहे. स्वयंसेवकांवरील अभ्यासांत किलोमागे २ ते ४ नॅनोग्रॅम शिरेतून दिले तरी ताप आणि थंडी भरते, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२० ते २४० नॅनोग्रॅम पुरतात. मूळ द्रावणाच्या ०.०१ मिलिलिटरमध्ये १० हजार नॅनोग्रॅम असतात. कोरडी पूड हाताळताना मास्क, हातमोजे आणि चष्मा घालावा, वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा बसवू नये, आणि सुई टोचलीच तर ‘काही होत नाही’ असे म्हणून घरी न जाता डॉक्टरांना दाखवावे.

टप्पा ६ : डोसचा दिवस आणि पुढचे तीन दिवस

म्हाताऱ्या उंदरांत तरुणांपेक्षा तीव्र आणि लांबणारा प्रतिसाद येतो. तरुणांवरच्या लेखातला डोस जसाच्या तसा उचलू नये. आधी दोन-तीन म्हाताऱ्या प्राण्यांवर कमी डोस देऊन पाहावा आणि ७२ तासांनंतरच मुख्य गटाचा डोस ठरवावा. म्हातारे उंदीर जाडही असतात, त्यामुळे वजनावर मोजलेला डोस त्यांना एकूण प्रमाणात जास्त जातो. हा मुद्दा चर्चेच्या भागात लिहावाच लागतो, म्हणून प्रत्येक प्राण्याला गेलेले एकूण मायक्रोग्रॅमही नोंदवावेत.

इंजेक्शन दर वेळी सकाळी एकाच वेळेला, पोटाच्या उजव्या खालच्या भागात, २६ किंवा २७ गेजच्या सुईने द्यावे. उंदराचे डोके किंचित खाली झुकवावे, म्हणजे आतडी पुढे सरकतात. सुई आत गेल्यावर दट्ट्या हलकाच मागे ओढून पाहावा. सिरिंजमध्ये रक्त किंवा हिरवट-तपकिरी द्रव दिसल्यास ती सिरिंज टाकून द्यावी आणि त्या प्राण्याच्या नावापुढे तशी नोंद करावी. सलाइन खोलीच्या तापमानाचे असावे, फ्रिजमधले नव्हे.

त्यानंतर २, ४, ६, २४, ४८ आणि ७२ तासांनी पाहणी करावी. पाहणीत अंगावरचे केस उभे आहेत का, पाठ कुबडी झाली आहे का, डोळे अर्धवट मिटले आहेत का, आणि पिंजऱ्यावर हलके टिचकी मारल्यावर उंदीर हलतो का, या चार गोष्टींना प्रत्येकी ० ते ३ गुण द्यावेत. वजन रोज एकाच वेळी घ्यावे. पाण्याची नळी लांब असावी आणि भिजवलेले खाद्य पिंजऱ्याच्या तळाशी ठेवावे, कारण आजारी म्हातारा उंदीर जाळीपर्यंत उभा राहू शकत नाही आणि मग भुकेने उतरलेले वजन दाहाच्या नावावर जाते. हे भिजवलेले खाद्य सलाइन गटालाही तितकेच द्यावे.

या तीन दिवसांत दोन साध्या मोजमापांचा फार उपयोग होतो. पहिले घरटे. संध्याकाळी दिवे जाण्यापूर्वी पिंजऱ्यात निर्जंतुक दाबलेल्या कापसाचा चौकोन ठेवावा आणि सकाळी १ ते ५ गुण द्यावेत. कापसाला हातच लावला नसेल तर १, आणि भिंती उभारलेले गोल घरटे असेल तर ५. दुसरे मोजमाप उकरण्याचे. प्लॅस्टिकच्या नळीत २०० ग्रॅम खाद्याचे गोळे भरून ठेवावे आणि दोन तासांनी नळीत उरलेले वजन करावे. निरोगी उंदीर ते भराभर बाहेर लोटतो, तर आजारी उंदीर नळीकडे फिरकतही नाही. या दोन्ही चाचण्यांसाठी उंदराला तितक्या वेळापुरते एकटे ठेवावे लागते. हौद नाही, कॅमेरा नाही, तरीही उंदीर बरा झाला की नाही हे या दोन मोजमापांवरून जितके खात्रीने कळते तितके महागड्या उपकरणांवरूनही कळत नाही, असे माझे ठाम मत आहे.

सावधान : मूळ वजनाच्या २० टक्के घट, कुशीवर टाकल्यावर सरळ न होणे, किंवा अंग गार पडून स्पर्शालाही प्रतिसाद न देणे यांपैकी काहीही दिसले तर प्रयोग पुढे रेटू नये आणि आधी ठरलेल्या व्यक्तीला बोलावून निर्णय घ्यावा. ‘मूळ वजन’ दोन प्रकारे पाहावे : त्या डोसच्या सकाळचे आणि प्रयोगाच्या पहिल्या दिवसाचे. महिन्यामहिन्याने हळूहळू खंगणारा उंदीर फक्त पहिल्या हिशेबाने पकडीत येत नाही.

पडताळणी : प्रत्येक डोसनंतर २४ तासांची वजनघट एकाच आलेखावर मांडत जावी. तिसऱ्या-चौथ्या डोसला ती जवळजवळ नाहीशी झाली असेल तर सहनशीलता आली आहे. तसे लपवू नये, पण ‘चार वेळा सारखाच दाह झाला’ असेही लिहू नये.

टप्पा ७ : वर्तनचाचण्यांचा क्रम

शेवटच्या डोसनंतर किमान सात दिवस, आणि म्हाताऱ्यांसाठी दहा ते चौदा दिवस, थांबावे. पण निव्वळ दिवस मोजून चाचणी सुरू करू नये. वजन डोसपूर्व आकड्याच्या जवळ आले आहे का, घरट्याचे आणि उकरण्याचे गुण त्याच प्राण्याच्या जुन्या पातळीवर आले आहेत का, हे पाहावे. आले नसतील तर थांबावे. हा उंबरठा चारही गटांना एकाच दिवशी लागू करावा, नाहीतर सलाइनचे उंदीर आधी आणि एलपीएसचे नंतर, असे होऊन बसते.

तारखा ठरवताना गावाचे कॅलेंडर समोर ठेवावे. बेळगावात वैशाखातली शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक, गणेश विसर्जन आणि दिवाळी या दिवसांत ध्वनिवर्धक आणि फटाक्यांनी भिंतीसुद्धा थरथरतात. ऐकू कमी येणाऱ्या म्हाताऱ्या उंदरालाही ही थरथर जाणवते. डोस जुलै ते ऑक्टोबरदरम्यान आणि चाचण्या दिवाळीनंतर ठेवणे सर्वांत सोयीचे. त्या काळात आर्द्रताही उतरलेली असते. डोसचे ७२ तास मात्र विसर्जनाच्या दिवसांवर येणार नाहीत, अशी आखणी जुलैतच करावी.

चाचण्या कमी ताणाकडून जास्त ताणाकडे न्याव्यात आणि दोन चाचण्यांमध्ये किमान एक दिवसाची विश्रांती द्यावी.

१. अधिक-आकाराचा उंच चक्रव्यूह. पाच मिनिटे. चिंता तपासण्यासाठी. याच्या चार बाह्यांपैकी (फाट्यांपैकी) दोन उघड्या आणि दोन भिंती असलेल्या असतात. उघड्या बाह्यांवरचा वेळ मोजावा. ही चाचणी एका प्राण्यावर आयुष्यात एकदाच घ्यावी. दुसऱ्यांदा तोच उंदीर उघड्या बाह्यांकडे जातच नाही, आणि ते चिंतेचे लक्षण नसते. म्हणून ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना इथे करू नये.

२. मोकळे मैदान. दहा मिनिटे. इथे एकूण चाललेले अंतर सर्वांत महत्त्वाचे आहे. एलपीएस गट कमी चालला असेल तर पुढच्या प्रत्येक चाचणीचा निकाल त्या कमी चालण्याच्या संदर्भात वाचावा लागतो.

३. वाय-आकाराचा चक्रव्यूह. आठ मिनिटे. ओळीने तीन वेगवेगळ्या बाह्यांत गेला की एक आलटापालट मोजावी. टक्केवारी काढताना आलटापालटींच्या संख्येला एकूण प्रवेशांतून दोन वजा करून भागावे आणि शंभराने गुणावे. निव्वळ योगायोगाने ५० टक्के येतात. ज्या उंदराने दहापेक्षा कमी प्रवेश केले त्याची टक्केवारी काढू नये, कारण ती निरर्थक असते.

४. नव्या वस्तूची ओळख. या चाचणीत सर्वांत जास्त चुका होतात. आदल्या दोन दिवशी रिकाम्या पेटीची सवय लावावी. मग दोन सारख्या वस्तू ठेवून दहा मिनिटे सोडावे, आणि ठरलेल्या वेळानंतर एक वस्तू बदलून उंदीर नवी वस्तू किती वेळ आणि जुनी किती वेळ हुंगतो हे मोजावे. ज्या दोन प्रकारच्या वस्तू वापरायच्या त्यांपैकी कोणतीही उंदरांना मुळातच जास्त आवडत नाही ना, हे वेगळ्या प्राण्यांवर आधी तपासावे. नवी वस्तू निम्म्या प्राण्यांना डावीकडे आणि निम्म्यांना उजवीकडे ठेवावी. वस्तू आणि पेटी प्रत्येक प्राण्यानंतर ७० टक्के अल्कोहोलने पुसावी आणि वास जाईपर्यंत थांबावे. दमट हवेत अल्कोहोल उडायला वेळ लागतो, तेव्हा ओल्या पेटीत पुढचा उंदीर सोडू नये. उंदराने दोन्ही वस्तू मिळून एकूण २० सेकंदही हुंगल्या नाहीत तर त्याचा गुणांक (नव्या वस्तूला दिलेल्या वेळेचे प्रमाण) काढू नये. वस्तूवर चढून बसणे म्हणजे हुंगणे नव्हे.

५. रोटारॉड, म्हणजे फिरता दांडा, ज्यावर उंदराने तोल सांभाळायचा. वेग पाच मिनिटांत मिनिटाला ४ वरून ४० फेऱ्यांपर्यंत वाढवावा. म्हाताऱ्या, जाड उंदरांत वजनाचा परिणाम मोठा असतो, तो विश्लेषणात धरावा.

६. पाण्याचा हौद. सर्वांत शेवटी. पाणी २२ ते २४ अंशांवर ठेवावे. डिसेंबरच्या सकाळी बेळगावात नळाचे पाणी याहून बरेच गार असते, म्हणून प्रत्येक फेरीपूर्वी थर्मामीटर बुडवावा. म्हातारा उंदीर पोहून आला की त्याचे अंग पटकन गार होते आणि गारठलेला उंदीर पुढच्या फेरीत हळू पोहतो. दोन फेऱ्यांमध्ये किमान १५ ते ३० मिनिटे द्यावीत, कोरड्या टॉवेलने पुसावे आणि उबदार पिंजऱ्यात ठेवावे. तरंगत राहिलेल्या उंदराला ६० सेकंदांवर ताटकळत ठेवू नये. पहिल्याच दिवशी पाण्याबाहेर दिसणारा, झेंडी लावलेला फलाट ठेवून प्रत्येक प्राण्याची दृष्टी तपासावी. जो तिथे पोहोचत नाही त्याचा निकाल स्मृतीच्या आकडेवारीत घेऊ नये. पोहोचण्याच्या वेळेबरोबर पोहण्याचा वेगही द्यावा, कारण मंद पोहणारा उंदीर वाट आठवूनही उशिराच पोहोचतो.

पडताळणी : चाचणी घेणाऱ्याला आणि चित्रफीत पाहणाऱ्याला कोणता प्राणी कोणत्या गटातला हे ठाऊक नसावे. गटांची किल्ली तिसऱ्या व्यक्तीकडे बंद पाकिटात असावी आणि सर्व आकडे भरून झाल्यावरच ते उघडावे. म्हाताऱ्या-तरुणातला फरक अंगावरूनच दिसतो, तो लपवता येत नाही, पण सलाइन आणि एलपीएस यांतला लपवता येतो आणि लपवलाच पाहिजे.

टप्पा ८ : रक्त आणि ऊतींचे नमुने

‘आयएल-६ वाढलेले दिसले नाही, म्हणून दाह झालाच नाही’ हे वाक्य प्रबंधांत वारंवार येते. आयएल-६ आणि टीएनएफ-अल्फा ही रक्तातील दाहसूचक प्रथिने आहेत. एका डोसनंतर रक्तातील टीएनएफ-अल्फा साधारण एक-दोन तासांत आणि आयएल-६ दोन ते चार तासांत टोकाला जाऊन उतरते. महिन्याभरानंतर, वर्तनचाचण्या संपल्यावर घेतलेल्या रक्तात ती उसळी सापडत नाही. तीव्र प्रतिसाद दाखवायचा असेल तर वेगळे, लहान उपगट ठेवून त्यांचे रक्त योग्य तासाला घ्यावे. त्याच प्राण्याचे घ्यायचे असेल तर एका वेळी एकूण रक्ताच्या दहाव्या भागापेक्षा जास्त घेऊ नये. ३० ग्रॅमच्या उंदरात हे सुमारे ०.२ मिलिलिटर भरते. दोन आठवड्यांच्या आत पुन्हा घेऊ नये.

शेवटी मेंदूचा एक अर्ध ऊतिछेदांसाठी आणि दुसरा अर्ध रेणवीय तपासणीसाठी राखावा. हिप्पोकॅम्पसमध्ये, म्हणजे मेंदूच्या स्मृतीशी निगडित भागात, मायक्रोग्लियासाठी आयबीए-१ आणि ॲस्ट्रोसाइट या आधारपेशींसाठी जीएफएपी या प्रथिनांच्या खुणा पाहता येतात. दोन्ही वयाबरोबर वाढतात, म्हणून त्यांची तुलना वयाच्या गटांतच वाचावी. प्लीहेचे वजन करावे आणि शवविच्छेदनात गाठी शोधाव्यात. यकृतात किंवा लसिका ग्रंथींत गाठ सापडलेल्या म्हाताऱ्या उंदराचे काय करायचे, हा नियम किल्ली उघडण्यापूर्वी लिहिलेला असावा.

टप्पा ९ : आकडेवारी आणि मेलेल्या प्राण्यांच्या नोंदी

चार गटांची जोडी-जोडीने टी-चाचणी करू नये. वय आणि डोस हे दोन घटक असलेले द्विमार्गी विचरण विश्लेषण (टू-वे अनोव्हा) करावे, आणि दोहोंची आंतरक्रिया, म्हणजे वयानुसार डोसचा परिणाम बदलतो का, हाच मुख्य निकाल मानावा. वजनासारखी रोजची मोजमापे एकाच प्राण्याची असतात, त्यांना स्वतंत्र निरीक्षणे धरून संख्या फुगवू नये.

मेलेल्या प्राण्यांचा तक्ता स्वतंत्र द्यावा : प्राण्याचा क्रमांक, गट, मरणाच्या वेळचे वय, कितव्या डोसनंतर किती तासांनी, शेवटचे वजन आणि शवविच्छेदनात काय सापडले. म्हाताऱ्या एलपीएस गटातले सर्वांत अशक्त प्राणी चाचण्यांपूर्वीच गेले असतील तर हौदात उतरलेले प्राणी त्या गटातले सर्वांत काटक असतात, आणि मग ‘परिणाम आढळला नाही’ हा निकाल त्या तक्त्याशिवाय वाचताच येत नाही. तक्त्यात पिंजरा क्रमांकही लिहावा, म्हणजे मृत्यू एकाच पिंजऱ्यात एकवटले असतील तर ते परीक्षकाच्या आधी तुम्हालाच दिसेल.